‘तांडेल’ मूळचा कुठला? मासेमारीतल्या जुन्या शब्दाचा माग काढण्याची रीत

कोळीवाड्यात, मासळी उतरवण्याच्या धक्क्यावर किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एखादा जुना शब्द कानावर पडतो. त्याचा अर्थ ढोबळमानाने सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो आला कुठून हे विचारले की प्रत्येक जण वेगळे सांगतो. अशा शब्दाचा माग काढण्याची एक रीत आहे, आणि ती नुसत्या नियमांनी सांगण्यापेक्षा एकच शब्द हाती घेऊन शेवटपर्यंत नेलेली बरी, कारण या कामात अडचणी येतात त्या नियमांच्या फटींतच. येथे त्यासाठी ‘तांडेल’ हा शब्द घेतला आहे. तो पालघरपासून गोव्यापर्यंत आजही रोजच्या बोलण्यात आहे, त्याचे लेखी पुरावे साडेसहाशे वर्षांहून जुने आहेत, आणि त्याच्याविषयी सहज सुचणारे बहुतेक तर्क अर्धवट आहेत. शिकण्यासाठी याहून सोयीचा शब्द सापडणे कठीण.

आधी होडीवर जावे, मग कोशाकडे

पहिली चूक बहुतेक जण करतात ती म्हणजे थेट शब्दकोश उघडणे. कोशात अर्थ मिळतो, पण तो कोणत्या काळातला आणि कोणत्या होडीवरचा हे कळत नाही, आणि मग तोच अर्थ आपण आजच्या शब्दावर लादतो. म्हणून आधी हा शब्द जे लोक वापरतात त्यांच्याकडे जावे. वेळही नीट निवडावी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात आणि माणसे हाताने काम करता करता बोलायला मोकळी असतात. नारळी पौर्णिमेनंतर हेच लोक तुमच्याशी दोन मिनिटे उभे राहून बोलतील, त्याहून जास्त अपेक्षा धरू नये.

प्रश्न कसा विचारावा, हे त्याहून महत्त्वाचे आहे. ‘तांडेल म्हणजे काय हो काका?’ असे विचारले तर ‘तांडेल म्हणजे तांडेल’ असेच उत्तर येते, आणि त्यात त्यांची काही चूक नसते, कारण रोजच्या शब्दाची व्याख्या कोणी करून ठेवत नाही. त्याऐवजी कामाविषयी विचारावे. सुकाणू कोणाच्या हातात असते? जाळे कुठे टाकायचे हे कोण ठरवतो? खलाशी कोण जमवतो? होडीचा मालक स्वतः समुद्रात जातो का, आणि जात नसेल तर परत आल्यावर त्याला हिशेब कोण देतो? मासळीच्या विक्रीचे वाटे पाडताना कोणाला जास्त मिळते? या प्रश्नांच्या उत्तरांतून शब्दाचा अर्थ आपोआप बाहेर येतो, आणि तो व्याख्येपेक्षा कितीतरी नेमका असतो.

असे विचारले की चित्र साधारण पुढीलप्रमाणे उभे राहते. होडीचा मालक तो नाखवा. समुद्रात होडी चालवणारा, जागा ठरवणारा, माणसांना कामाला लावणारा आणि संकटाच्या वेळी अखेरचा निर्णय घेणारा तो तांडेल. त्याच्या हाताखालचे ते खलाशी, आणि रांधण्याचे काम ज्याच्याकडे तो भंडारी. लहान होडीवर मालक स्वतःच तांडेल असतो. त्यामुळे अशा घरांत वाढलेल्या माणसांच्या बोलण्यात नाखवा आणि तांडेल हे शब्द एकमेकांत मिसळतात, आणि त्यांचे बोलणे टिपणाऱ्याने तिथे सावध राहावे. मालक किनाऱ्यावर आणि होडी दर्यात अशी जिथे विभागणी आहे, तिथे हे दोन शब्द कधीच मिसळत नाहीत. अर्थ नेमका करायचा असेल तर अशाच मोठ्या होडीवरच्या माणसाला विचारावे.

टिपण करताना पद, संबोधन आणि आडनाव हे तीन उपयोग वेगवेगळे ठेवावेत. ‘नाखवा’ हे पदही आहे आणि वडीलधाऱ्या कोळी माणसाला मानाने मारलेली हाकही आहे. तांडेल, नाखवा आणि सारंग ही तिन्ही आडनावेही आहेत, आणि दमण, वलसाड, नवसारीकडे तर तांडेल आडनावाची माणसे पदोपदी भेटतात. आडनावावरून पूर्वजांपैकी कोणी तांडेल होता असे म्हणता येते, पण शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी आडनावाचा काडीचाही उपयोग नाही, कारण आडनाव शब्दापेक्षा नेहमीच धाकटे असते.

कोश कसे उघडावेत

आता कोशांकडे वळावे. मराठीसाठी सुरुवात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशापासून करावी. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची आणि दुसरी, सुधारून वाढवलेली, १८५७ची आहे. आगबोटी सर्वत्र होण्याआधीच्या काळातले, शिडांच्या जहाजांवरचे शब्द त्यात पुष्कळ आहेत, आणि शब्दाशेजारी कंसात संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्तानी हे एकेका रोमन अक्षराने दाखवलेले असते. ती अक्षरे उपयोगी आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. कोशकाराने ती बहुधा शब्दाच्या तोंडावळ्यावरून दिलेली असतात. त्यानंतर दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहावा, जो १९३२पासून खंडाखंडाने प्रसिद्ध झाला आणि ज्यात बोलीतले शब्द मोल्सवर्थपेक्षा अधिक आहेत. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. व्युत्पत्तीपुरते बोलायचे तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ जवळ असावा.

शोधताना एकाच लेखनावर थांबू नये. तांडेल, तंडेल, टंडेल, तंडील आणि इंग्रजी कागदपत्रांतला टिंडल ही सगळी एकाच शब्दाची रूपे आहेत. अनुस्वार आणि पहिला स्वर यांत फरक पडला म्हणून कोशात शब्द नाही असा निष्कर्ष काढणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि एकदा मीही त्यांतलाच होतो.

यानंतरचा कोश मराठीचा नाही, तरीही समुद्राच्या शब्दांसाठी त्याच्याइतका कामाचा दुसरा नाही. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६मध्ये निघाला आणि विल्यम क्रुकने त्याची सुधारलेली आवृत्ती १९०३मध्ये काढली. त्यात हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडी रुळलेले देशी शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाखाली जुन्या प्रवासवर्णनांतले व कागदपत्रांतले उतारे सालवार दिलेले आहेत. व्युत्पत्ती शोधणाऱ्याने त्यातले संपादकांचे मत नंतर वाचावे आणि सालवार उतारे आधी वाचावेत. मत बदलू शकते, पण १६७३च्या माणसाने काय लिहिले ते बदलत नाही.

जवळच्या सालापासून मागे जावे

जुने पुरावे वाचताना अलीकडच्या सालापासून सुरुवात करून मागे जावे. सर्वांत जुन्या उल्लेखाकडे एकदम उडी मारली तर मधल्या काळात अर्थ कसा सरकला हे दिसत नाही, आणि शब्दाची गोष्ट असते ती त्या सरकण्यातच.

पहिला थांबा जॉन फ्रायर याचा. हा इंग्रज वैद्य १६७२ ते १६८१ या काळात हिंदुस्थान आणि इराणात फिरला. कंपनीच्या नोकरीत तो सुरत आणि मुंबईत राहिला, जुन्नरलाही गेला, आणि त्याचे प्रवासवर्णन १६९८मध्ये छापले गेले. १६७३च्या नोंदीत तो सांगतो की येथील जहाजावर कप्तानाला ‘नाखुदा’ म्हणतात आणि बोसनला ‘टिंडल’. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीत, आपल्याच किनाऱ्यावर, तांडेल हा जहाजाचा प्रमुख नव्हता, तो माणसांचा प्रमुख होता.

दुसरा थांबा अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’चा, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरचा, आणि येथे घाई करू नये, कारण असा पुरावा फार क्वचित मिळतो. त्यात मीर बहरी, म्हणजे नौकानयनाचा कारभार, या प्रकरणात मोठ्या जहाजावरच्या माणसांचे बारा वर्ग कामासकट दिले आहेत. पहिला नाखुदा, म्हणजे जहाजाचा मालक. दुसरा मुअल्लिम, ज्याला समुद्राची खोली-उथळी आणि आकाशातले तारे कळले पाहिजेत आणि जो जहाज मुक्कामाला नेतो. तिसरा तंडील, म्हणजे खलाशांचा प्रमुख. त्यांच्यामागून जहाज धक्क्याला लावण्याचे व सोडण्याचे काम पाहणारा सरहंग, कोठारावरचा भंडारी, हिशेब लिहिणारा आणि उतारूंना पाणी वाटणारा करानी, सुकाणू धरणारा सुक्कानगीर, डोलकाठीच्या टोकावरून जमीन किंवा वादळ दिसताच खबर देणारा पंजरी, आणि शेवटी शिडे चढवणारा, उतरवणारा साधा खारवा.

एवढ्यावरच अबुल फजल थांबत नाही. बंगालमधल्या सातगाव बंदरातले वेतनही तो देतो: नाखुदाला ४०० रुपये, मुअल्लिमला २००, तंडीलला १२०, करानीला ५०, आणि सरहंगाला अवघे २५. शब्दाचा अर्थ शोधणाऱ्याला पगारपत्रकाइतका प्रामाणिक साक्षीदार मिळत नाही. कोशकार ‘प्रमुख’ असा मोघम शब्द लिहून मोकळा होतो, पण १२० आणि २५ या दोन आकड्यांतले अंतर पाहिले की तंडीलचा मान किती होता ते डोळ्यांपुढे उभे राहते.

तिसरा थांबा चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचा. त्याने आपल्या प्रवासाची हकीकत मोरोक्कोत परतल्यावर सांगितली आणि ती १३५५च्या सुमारास लिहून पूर्ण झाली. चीनकडे जाताना लागलेल्या एका बंदरात तिथल्या राजकन्येने जहाजावरच्या मानकऱ्यांना मेजवानीला बोलावले, असे तो सांगतो, आणि त्या मानकऱ्यांच्या यादीत नाखुदा, करानी, व्यापारी, लढवय्यांचा सिपहसालार यांच्याबरोबर माणसांचा प्रमुख म्हणून ‘तंडील’ येतो. ते बंदर नेमके कोणते यावर विद्वानांचे वाद आहेत, पण आपल्याला बंदराशी कर्तव्य नाही. चौदाव्या शतकात हिंदी महासागरातल्या जहाजावर हा शब्द होता आणि अरबी लेखकाला तो पद म्हणून माहीत होता, एवढे त्यातून निर्विवाद कळते.

या तिन्ही थांब्यांवर एक गोष्ट सारखी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या शोधातली तीच सर्वांत मोलाची. तिन्ही ठिकाणचा तांडेल मासे धरत नाही. तो व्यापारी जहाजावरचा माणूस आहे. ज्याला आपण मासेमारीतला जुना शब्द समजून शोधायला निघालो, तो मासेमारीत मागाहून आलेला दिसतो.

एका शब्दाऐवजी सगळी नाव तपासावी

येथे रीतीतली सर्वांत उपयोगी युक्ती सांगतो. एखाद्या धंद्यातला शब्द एकटा तपासू नये, त्याच्या शेजारचे शब्द त्याच्याबरोबर तपासावेत. शब्द एकेकटे प्रवास करत नाहीत. होडीवरची माणसे जशी एकत्र येतात तशीच त्यांची नावेही एकत्र येतात.

नाखवा हा फारसी ‘नाखुदा’पासून आला. ‘नाव’ म्हणजे जहाज आणि ‘खुदा’ म्हणजे स्वामी, असा त्याचा विग्रह आहे. ‘ना’ म्हणजे नकार आणि ‘खुदा’ म्हणजे देव असे समजून या शब्दाचा अर्थ नास्तिकतेशी जोडणारे लोक भेटतात. उर्दू शायरांनी खुदा आणि नाखुदा यांच्या यमकाची जी मौज केली आहे तिचा हा परिणाम असावा, पण शायरी हा व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. अबुल फजल नाखुदाचा अर्थ जहाजाचा मालक असा देतो, आणि कोळीवाड्यातही नाखवा म्हणजे होडीचा मालकच. फ्रायरच्या नोंदीत तोच कप्तान झालेला दिसतो. म्हणजे मूळ अर्थ आपल्या किनाऱ्यावर अधिक नीट टिकला आहे.

सुकाणू हा अरबी ‘सुक्कान’पासून आला. खलाशी हा अरबी ‘खलास’शी जोडला जातो. त्याचा अर्थ सुटका, मोकळीक, पण ‘सुटका’ या अर्थापासून ‘जहाजावरचा कामकरी’ इथपर्यंतचा रस्ता यूल आणि बर्नेल यांनाही समाधानकारक वाटला नव्हता, आणि आपणही तो जबरदस्तीने जुळवू नये. भंडारी हा भांडारावरचा माणूस. होडीवर तो आता रांधतो, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या भंडारी समाजाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. शब्दाचे रूप सारखे असले तरी होडीवरचे पद हे कोठारावरून पडलेले नाव आहे, आणि आइनमधला भंडारी ते स्पष्टच करतो.

सारंग हा तर सापळाच आहे. संस्कृतात सारंग म्हणजे हरीण, संगीतात सारंग हा राग, आणि आपल्या इतिहासात दौलतखानाच्या जोडीला दर्यासारंग हे शिवाजी महाराजांच्या आरमारातले नाव. यांतून कोणालाही वाटेल की दर्यासारंग म्हणजे समुद्रावरचा हरीण किंवा मोर, असे काहीतरी काव्यमय असावे. प्रत्यक्षात तो फारसी ‘सरहंग’, म्हणजे तुकडीचा नायक, या शब्दाचा अवतार आहे, तोच जो आइनमध्ये २५ रुपयांवर राबताना दिसतो. ‘सरहंग’ मराठी तोंडात सरळ होऊन ‘सारंग’ झाला आणि योगायोगाने एका जुन्या संस्कृत शब्दाच्या वेषात उभा राहिला. समुद्राच्या शब्दांत असे वेषांतर नेहमी घडते. म्हणून ओळखीचा संस्कृत शब्द दिसला की आनंद मानण्याआधी शेजारचे शब्द कोणत्या भाषेतले आहेत ते पाहावे.

शेजारी तपासण्याचा आणखी एक फायदा असा की कोण गैरहजर आहे तेही कळते. आइनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर बसलेला, तारे ओळखणारा मुअल्लिम गुजरातीत ‘मालम’ या रूपाने राहिला, पण कोळ्यांच्या होडीवर नाखवा, तांडेल, खलाशी, भंडारी असे सगळे असताना त्याची जागा रिकामीच आहे. मला वाटते, तांडेल वर का चढला याचे उत्तर या रिकाम्या जागेत आहे. दूरच्या बंदराला जाणाऱ्या जहाजावर मार्ग दाखवणारा वेगळा माणूस लागत असे. किनाऱ्यावरच्या खुणा, तारे, पाण्याचा रंग आणि वावात मोजलेली खोली यांवर चालणाऱ्या मासेमारीच्या होडीवर हे ज्ञान खलाशांच्या म्होरक्याकडेच होते. मालक किनाऱ्यावर राहिला, मुअल्लिम कधी आलाच नाही, आणि तिसऱ्या जागेवरचा माणूस समुद्रात पहिला झाला. हा माझा तर्क आहे आणि टिपणात तो तर्क म्हणूनच लिहावा. पण पुराव्याशी तो जुळतो.

नेमके याच्या उलटे कंपनीच्या आणि पुढे आगबोटींच्या लष्करांचे झाले (येथे लष्कर म्हणजे हिंदी खलाशी, फौज नव्हे). त्यांच्यात सारंग वरचढ ठरला आणि टिंडल त्याच्या हाताखाली गेला. २५ रुपयांचा सरहंग वर आणि १२० रुपयांचा तंडील खाली. भारतीय नौदलाच्या नागरी पदांच्या जाहिरातींत ‘सारंग ऑफ लास्कर्स’ हे पद अलीकडेपर्यंत दिसते, ती याच उतरंडीची शेपटी. एकाच काळात, एकाच मुंबई बंदरात, आगबोटीवरचा टिंडल दुय्यम होता आणि कोळीवाड्यातला तांडेल सर्वेसर्वा. म्हणून अर्थ टिपताना केवळ साल लिहून भागत नाही, कोणत्या जातीचे जहाज तेही लिहावे लागते.

तांडा की तण्डल?

आता मुळाचा प्रश्न. आधी एक गोष्ट पक्की करावी: शब्द सर्वांत आधी जिथे लिहिलेला सापडला तिथलाच तो असतो असे नाही. इब्न बतूताने अरबीत लिहिले म्हणून तांडेल अरबी होत नाही, आणि अबुल फजलने फारसीत लिहिले म्हणून फारसीही होत नाही. त्यांनी जहाजावर ऐकलेला शब्द टिपला, एवढेच.

दोन मते आहेत. १८८४मध्ये आपला उर्दू-हिंदी-इंग्रजी कोश काढणाऱ्या जॉन प्लॅट्स याने हा शब्द ‘टांडा’शी जोडला. टांडा म्हणजे माल वाहणाऱ्या जनावरांची लांब रांग, काफिला. दुसऱ्या बाजूला यूल आणि बर्नेल यांनी मलयाळम ‘तण्डल’ आणि तेलुगू ‘तंडेलु’ ही रूपे पुढे ठेवली. तमिळमध्ये ‘तण्डु’ या धातूचा अर्थ गोळा करणे, वसूल करणे असा आहे आणि ‘तण्डल’ म्हणजे वसुली.

अशा वेळी मत आवडते का हे न पाहता त्याला एकेका कसोटीवर घासावे. पहिली कसोटी ध्वनीची. हिंदीत टांडा ‘ट’ने सुरू होतो आणि तंडेल ‘त’ने, ही अडचण आहे, पण मराठीत ‘तांडा’ असा ‘त’च असल्यामुळे मराठीपुरती ती नाहीशी होते. मराठी वाचकाला तांडा आणि तांडेल यांचे नाते उघड वाटते ते यामुळेच. पण मग शेवटचा ‘एल’ कुठून आला? तांड्याचा प्रमुख या अर्थाने मराठीत अशा प्रत्ययाची नेहमीची रीत नाही.

दुसरी कसोटी वापराची, आणि ती मला अधिक बोलकी वाटते. महाराष्ट्रात तांडा म्हणतात तो बंजारा समाजाच्या वस्तीला, आणि पूर्वी त्यांच्या बैलांच्या काफिल्याला. त्या तांड्याच्या प्रमुखाला काय म्हणतात? नाईक. ज्या शब्दापासून ‘तांडेल’ निघाला असे म्हणायचे, त्या शब्दाच्या स्वतःच्या घरात प्रमुखाला तांडेल म्हणत नाहीत. हा पुरावा निर्णायक नव्हे, कारण शब्द घर सोडूनही वाढतात, तरी तांड्याच्या बाजूचा दावा त्याने बराच सैल होतो.

दक्षिणेच्या बाजूने ध्वनी चांगला जुळतो. अर्थही जुळवता येतो: माणसे गोळा करणारा तो तण्डल, आणि खलाशी जमवणे हे आजही पुष्कळ ठिकाणी तांडेलाचेच काम आहे. पण ‘जुळवता येतो’ आणि ‘सिद्ध होतो’ यांत अंतर आहे. अर्थ जुळवणे हे व्युत्पत्तीतले सर्वांत सोपे काम असल्यामुळेच त्यावर सर्वांत कमी भरवसा ठेवावा.

तिसरी कसोटी भूगोलाची. हा शब्द फक्त कोकण-गुजरातेत असता तर तांड्याचे पारडे जड झाले असते. तो मलबारात आहे, आंध्रात आहे, आणि समुद्र ओलांडून मलय भाषेतही आहे. मलयमध्ये नाखोदा म्हणजे जहाजाचा कप्तान, सेरांग म्हणजे बोसन, तांडिल म्हणजे मुकादम आणि कलासी म्हणजे खलाशी. आपली अख्खी होडी तिथे उतरलेली दिसते. एवढा पसारा ज्या शब्दाचा आहे तो बैलांच्या काफिल्यातून निघून प्रत्येक बंदराला पोहोचला असे मानण्यापेक्षा तो दर्यावरच, बहुधा दक्षिणेच्या किनाऱ्यावर, रुळला आणि व्यापारी जहाजांबरोबर दोन्हीकडे गेला असे मानणे मला अधिक सरळ वाटते. माझा कल त्या बाजूला आहे, आणि नोंदीत तो ‘कल’ या शब्दानेच लिहावा. ‘तांडेल हा शब्द तांड्यापासून आला’ असे ठाम वाक्य कुठे वाचले, तर लिहिणाऱ्याने ‘एल’चे आणि नाईकाचे काय केले ते आधी विचारावे.

नोंद लिहिताना

सगळे जमल्यावर नोंद लिहायची, आणि तिथे पुराव्याचे पदर वेगळे ठेवायचे. आज लोक काय म्हणतात ते पहिल्याने, कोणत्या साली कोणी काय लिहिले ते त्यानंतर, आणि मूळ सर्वांत शेवटी. व्युत्पत्तीने नोंद सुरू केली की वाचणारा पुढचे सगळे तिच्याच चष्म्यातून पाहतो. शब्द कोणाकडून ऐकला हे लिहिताना माणसाचे नाव देण्याची गरज नाही, पण गाव, होडीचा प्रकार, बोलणाऱ्याचे साधारण वय आणि विचारल्याचा महिना जरूर द्यावा, कारण वीस वर्षांनी तोच तुमचा सालवार उतारा होणार आहे. ‘तांडेल’ची नोंद मी अशी लिहीन:

तांडेल (पुल्लिंगी, अन्य रूपे तंडेल, टंडेल, तंडील, इंग्रजीत टिंडल). (१) मासेमारीच्या होडीवर समुद्रात प्रमुख असलेला माणूस. जाळे टाकण्याची जागा ठरवतो, खलाशांना कामाला लावतो, मालक म्हणजे नाखवा याला हिशेब देतो. पालघर ते गोवा या किनाऱ्यावर चालू वापरात. (२) जुन्या व्यापारी जहाजावर खलाशांचा प्रमुख. आइन-इ-अकबरीत नाखुदा व मुअल्लिम यांच्या खालोखाल, सरहंगाच्या वर. फ्रायरच्या १६७३च्या नोंदीत बोसन. (३) आगबोटीवर सारंगाच्या हाताखालचा दुय्यम मुकादम. (४) आडनाव; कोकण, दमण, दक्षिण गुजरात. पहिला ज्ञात उल्लेख इब्न बतूता, सुमारे १३५५. अर्थाचा क्रम (२) पासून (१) आणि (३) असा दोन दिशांना फुटलेला. मूळ वादग्रस्त: हिंदी टांडा, मराठी तांडा (प्लॅट्स), किंवा दक्षिणेकडील तण्डल, कल दुसऱ्याकडे. शेजारचे शब्द पाहा: नाखवा, सारंग, खलाशी, भंडारी, सुकाणू.